शिशाचा नफा वाटेत कुठे मुरायचा?

नमस्कार मंडळी! घर बांधायची साधी वीट डोळ्यांसमोर आणा. तीच वीट शिशाची असती, तर वजन वीस किलोच्या आसपास भरलं असतं. आता असं टनभर शिसं डोंगरातून बंदरापर्यंत न्यायचंय, आणि काळ आहे सतराव्या शतकाचा. परवडेल?

आपण आहोत इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये. खर्च खाणीच्या तोंडाशीच सुरू होतो. खनिज मोजायचं माप म्हणजे ‘डिश’. विर्क्सवर्थ गावात १५१३ सालचं असं पितळी माप आजही जपलंय. दर तेरावं माप राजाच्या हक्काचं, त्याला म्हणायचे ‘लॉट’. खनिज विकत घेणाऱ्यावर ‘कोप’ नावाचा वेगळा कर. वर चर्च दशमांश मागायचं, त्यावरून तर कोर्टकचेऱ्याही झाल्या.

पण खरा खड्डा पडायचा तो वाटेत. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायचे, तसे तिथे घोड्यांचे तांडे. एका घोड्यावर साधारण शंभर किलो, म्हणजे टनाला दहा घोडे! त्यांचा चारा, हाकणाऱ्यांची मजुरी, चिखलाचे रस्ते. बॉट्री गावाला पोचलं, की माल आयडल नदीतल्या होड्यांवर चढायचा, पुढे ट्रेंट नदीने हल बंदरात. १७७७ मध्ये चेस्टरफिल्डचा कालवा पुरा झाला, तेव्हा कुठे घोड्यांची वाट आखूड झाली.

आणि समुद्रावर? इथे मला हा व्यापार फार आवडतो. जमिनीवर जे वजन जीव काढतं, तेच जहाजाला हवं असतं! जहाज कलंडू नये म्हणून तळाशी नीरम, म्हणजे तोल राखणारं वजन, भरावंच लागतं. दगड भरले तर त्यांचे पैसे येत नाहीत, शिशाच्या लगडी भरल्या तर येतात. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं असंच शिसं सुरतेला आणायची. इंग्लंडच्या जाड लोकरी कापडाला आपल्या हवेत गिऱ्हाईक कमी, पण बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसं सगळ्यांनाच लागायचं.

भाव मात्र व्यापाऱ्याच्या हातात नसायचा. १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने ख्रिस्ती मठ बंद केले, त्यांच्या छपरांवरचं शिसं उतरवून बाजारात आणलं, आणि खाणवाल्यांचा भाव पडला.

एक खर्च तर व्यापाऱ्याने कधी भरलाच नाही. खाणीभोवतीचं गवत खाऊन गुरं मरायची. त्या विषबाधेला तिथले लोक ‘बेलंड’ म्हणत. गुरं तिकडे फिरकू नयेत, म्हणून शेतकऱ्यांनी जुन्या खाणींभोवती कुंपणं घातली, झाडं लावली. त्यातल्या काही झाडांच्या रांगा डर्बीशायरच्या माळावर आजही उभ्या आहेत.