नक्कल करताना आधी सावली बघा

मंडळी, तैलरंगात व्यक्तिचित्राची नक्कल बहुतेकजण डोळ्यांपासून सुरू करतात. पापण्या, बुबुळ, त्यातला चमकता ठिपका सगळं पहिल्याच दिवशी होतं, आणि मग त्या डोळ्यांभोवती चेहरा बसतच नाही. नकलेत शिकायचा असतो तो मूळ चित्रकाराच्या कामाचा क्रम.

नमुना म्हणून स्पॅनिश चित्रकार वेलास्केझनं १६५० साली रंगवलेलं, त्याचा मदतनीस हुआन दे पारेखाचं चित्र घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते आहे. मूळ माप ८१.३ बाय ६९.९ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्या मापाला साधारण १६ बाय १४ इंचांचा कॅनव्हास पुरतो. प्रिंटही त्याच मापाची काढा आणि ईझलवर कॅनव्हासला खेटून लावा. मोबाइलवर बघून रंगवू नका. पडद्याचा उजेड सावल्या उजळ दाखवतो.

प्रिंटमध्ये रंगाची जाडी मात्र कळत नाही. त्यासाठी आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. तिथली जुनी तैलचित्रं समोरून पाहून झाली की बाजूला सरकून तिरकी पाहा. उजेडातला रंग जाड आणि सावलीतला पातळ, हे बऱ्याच ठिकाणी दिसेल.

कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरचा, म्हणजे मातकट तपकिरी रंगाचा, हात द्या. तो वाळल्यावर आखणी करा. मग डोळे अर्धे मिटून फक्त दोन भाग पाडा: उजेड आणि सावली. सावलीचा सगळा आकार अंबरनंच, एकसंध भरा. सहा फूट मागं जाऊन पाहा. इथं माणूस ओळखू आला नाही, तर पुढं कितीही बारकावे भरा, येणार नाही.

त्वचेला चार रंग पुरतात: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड (मातकट लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा). खरी परीक्षा उजेड आणि सावली मिळतात त्या पट्ट्यात. गालावर ही कडा वळते तिथं ऑकरमध्ये चिमूटभर काळा घाला. रंग मिसळायच्या पाटीवर तो शेवाळी दिसेल, पण शेजारी लालसर रंग आला की डोळ्याला राखाडी वाटतो आणि गाल वळतो. इथं नुसता पांढरा मिसळला की चेहऱ्याला खडू फासल्यासारखं होतं. नव्यानं शिकणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे. सावलीत तर पांढरा जवळजवळ नकोच.

पांढरी कॉलर शेवटी करा. जाळीचा एकेक दोरा मोजू नका. लांबून जाळी वाटावी एवढेच फटकारे द्या.

पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, म्हणून खालच्या थरात तो एकटा वापरू नका. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर ठरलेल्या दिवसांवर विसंबूच नका. कोपऱ्यात नख टेकवून पाहा, खूण उमटली तर थांबा. वाळल्यावर काळपट भाग निस्तेज दिसला तर रंग चुकला असं समजू नका. तेल खाली शोषलं गेलंय. बोटानं तेलाचा अगदी पातळ हात द्या, उरलेलं पुसून घ्या, मगच पुढचा रंग जुळवा.

आणि ती तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, ढिगात आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.