जिथून उचललं, तिथेच सोडायचं

(दृश्य: पहाट. मुंबईतल्या जुन्या चाळीसमोरची गल्ली.)

उजाडायला थोडा वेळ आहे. कुत्री पकडायची गाडी कोपऱ्यावर थांबते. दोघं खाली उतरतात, एकाच्या हातात जाळी. बंद टपरीच्या फळीखाली झोपलेली तांबूस कुत्री मान वर करते. पळायला ती निघतेच, पण जाळी आधी पडते. वरच्या गॅलरीतून एक मावशी ओरडून विचारतात, "अहो, परत आणणार ना तिला?"

आणायलाच हवं. २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. पकडताना चिमटे किंवा तारेचा फास वापरायला सक्त मनाई आहे.

(दृश्य: फोर्ट परिसरातल्या जुन्या इमारती.)

या शहराने दुसरी रीतही पाहिली आहे. १८३२ साली इंग्रज सरकार बेवारस कुत्र्यामागे ८ आणे बक्षीस द्यायचं. पैशासाठी मग पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी म्हणून त्यांच्यात सगदीदचा विधी असतो. त्या वर्षीच्या ६ जूनला फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, गोऱ्या सैनिकांची रसदही अडली. अखेर तोड निघाली ती अशी, की कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायची.

"लांब कुठेतरी सोडून या ना," असं आजही सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच. त्यामागची भीती खरी असते, विशेषतः ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांची. पण गल्लीतली लस घेतलेली कुत्री हलवली, की उकिरड्यावरचं खरकटं काही हलत नाही. त्याच्या वासाने दुसरी येतात. त्यांना ना लस दिलेली, ना त्यांची नसबंदी झालेली.

(दृश्य: कागदावर भात, शेजारी पाण्याचं भांडं.)

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती खाऊ घालण्यावरून. नियमाने इथे मधला रस्ता काढलाय आणि आम्हाला तो शहाणपणाचा वाटतो. खाऊ घालायची जागा सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने ठरवून द्यायची. ती जिन्यापाशी नको, येण्याजाण्याच्या वाटेवर नको, मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर हवी. मुलं आणि म्हातारी माणसं ये-जा करतात ती वेळ टाळायची. खाऊ घालणाऱ्याने उरलेलं उचलायचं. किती जिन्यांच्या तोंडाशी आज भात सांडलेला दिसतो! आणि किती सोसायट्यांनी अशी जागा खरंच ठरवून दिली आहे?

कुत्रं चावलंच, तर हळद-चुना लावत बसू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

(दृश्य: शाळेचं फाटक.)

"तिथेच सोडायचं" या नियमाला आता अपवाद आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, आणि ११ दिवसांतच तो आदेश बदलला. लस आणि नसबंदी झालेली कुत्री मूळ जागी सोडा, रेबीजची लागण झालेली किंवा अंगावर धावून येणारी सोडू नका, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत, असाही आदेश आला.

(दृश्य: तीच गल्ली, काही दिवसांनंतर.)

गाडीचं दार उघडतं. तांबूस कुत्री उडी मारून उतरते, रस्ता हुंगते. एका कानाला आता छोटीशी खाच आहे. नसबंदी झालेलं कुत्रं लांबूनही ओळखता यावं म्हणून ही खूण. टपरी आता उघडलीय, चहाचं आधण उकळतंय. ती वळसा घालून मागच्या बाजूने फळीखाली शिरते. वरच्या गॅलरीत मावशी उभ्याच आहेत.