लोक तुमच्याकडे कशासाठी येतात?

(बचत गटांच्या मेळाव्यातील व्याख्यान, थोडं संपादित करून)

मैत्रिणींनो, मघाशी ओळख करून देताना मी प्रत्येकीला विचारलं, ‘ताई, तुम्हाला काय चांगलं येतं?’ बहुतेकींनी सांगितलं, ‘मला काय येतंय, मी घरीच असते.’ हे उत्तर मला मेळाव्यांत नेहमी मिळतं, आणि ते माझ्या मनाला लागतं. कारण ते खरं नसतं. जे लहानपणापासून हाताला बसलंय, त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही. ‘त्यात काय एवढं!’ म्हणून आपण मोकळ्या होतो.

राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. पण वेलावरची कुठली शेंग बियाण्याला राखायची, ती कितपत वाळू द्यायची, दाणे कसे निवडायचे आणि राखेत घोळवून मडक्यात कसे भरायचे, हे त्यांना पक्कं ठाऊक. आपल्या आज्याही हेच करायच्या ना? मग दुकानातलं संकरित बियाणं आलं आणि घरोघरची मडकी रिकामी झाली. राहीबाईंचा नातू आजारी पडायला लागला. फवारलेल्या भाजीपाल्यामुळेच हे होतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी वालाचं, घेवड्याचं, भाताचं गावठी बियाणं नेटानं जमवलं. पुढे खेड्यापाड्यांत शेती-विकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कुणी ‘बीजमाता’ म्हणायच्या आधीही त्यांचे हात हेच काम करत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून ‘काय येतं’ हा प्रश्न सोडा. शेजारीण अडली की तुमच्याकडे कशासाठी येते, ते आठवा. लग्नघरात शंभर माणसांच्या भाताचा अंदाज कुणाला विचारतात? कागद न बघता कुणाचा हप्ता कधी आला, ते कोण सांगतं?

आणि गुण काही फक्त हाताचे नसतात. हप्ता थकला की एखादी बाई लाजेनं बैठकीला यायचंच सोडते. मग गटातली कुणीतरी तिच्या घरी जाते, चहा घेते, पोराबाळांची चौकशी करते, पैशाचा विषयसुद्धा काढत नाही. पण पुढच्या बैठकीला तिला बरोबर घेऊन येते. अशा बाईमुळे गट टिकतो. इतिवृत्तात मात्र तिचं नाव कधी येत नाही. पदाधिकारी निवडताना आपण सही कोण चांगली करतं तेवढंच बघतो. हे मला मुळीच पटत नाही.

आता जेवणाच्या सुट्टीआधी एक काम करायचंय. आपल्या गटातल्या एका बाईजवळ जा आणि तिचा एक गुण तिला तोंडावर सांगा. नुसतं ‘तू छान आहेस’ चालणार नाही. तिनं कधी, काय केलं होतं, तेही सांगायचं. आणि ऐकणारीनं ‘त्यात काय एवढं’ म्हणायचं नाही. चला, उठा!