पुढची किक कुठून?

(क्रीडाशिक्षकांच्या एका उजळणी वर्गात दिलेले व्याख्यान, थोडे संपादन करून.)

शिक्षक मित्रहो,

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने खेळाचे नियम लिहायला घेतले, तेव्हा पहिल्याच कलमात मैदानाची लांबी जास्तीत जास्त २०० यार्ड आणि रुंदी जास्तीत जास्त १०० यार्ड असावी, हे ठरवून टाकले. त्याच्या ११९ वर्षे आधी, १७४४ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लीथ या गावी गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी चांदीच्या काठीच्या बक्षिसासाठी स्पर्धा भरवली आणि तिच्यासाठी तेरा कलमे लिहिली. या तेरा कलमांत मैदानाच्या लांबीरुंदीचा एक शब्दही नाही. चेंडू पाण्यात किंवा चिखलात गेला तर काय करायचे, दोन चेंडू एकमेकांना चिकटून थांबले तर कोणाचा उचलायचा, एखादा माणूस, घोडा किंवा कुत्रा मध्ये आल्यामुळे चेंडू अडला तर पुढे कसे खेळायचे, असल्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. आज ज्या फुटगोल्फविषयी मला बोलायचे आहे, त्याला चेंडू पहिल्या घराण्याकडून मिळाला आणि कायदा दुसऱ्या घराण्याकडून. आपण सगळे फुटबॉलच्या बाजूने या खेळाकडे येतो, त्यामुळे पाय लगेच सरावतो. डोक्याला मात्र वेळ लागतो.

खेळ सांगायला सोपा आहे. पाच नंबरचा नेहमीचा फुटबॉल ठरलेल्या जागेवरून पायाने मारत मारत, कमीत कमी किकमध्ये, दूरवरच्या एका खळग्यात टाकायचा. असे नऊ किंवा अठरा खळगे ओळीने खेळायचे आणि शेवटी ज्याच्या किकांची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. प्रत्येक खळग्यासाठी तीन, चार किंवा पाच किकांचे ‘पार’, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागाव्यात अशा किकांची संख्या, ठरलेले असते. चांगल्या पायाचा खेळाडू चेंडू पन्नास-साठ मीटर सहज मारतो, हे लक्षात घेऊन अंतरे गोल्फच्या निम्म्याहूनही कमी ठेवतात.

या खेळाचे आजचे रूप नेदरलँड्समध्ये २००८-०९ च्या सुमारास तयार झाले. बास कोर्स्टेन आणि मायकेल यान्सेन या दोघांनी ते उभे केले. बास यांचे बंधू विलेम कोर्स्टेन इंग्लंडमध्ये टॉटनहॅम संघाकडून व्यावसायिक फुटबॉल खेळत. सराव संपला की तिथले खेळाडू मैदानापासून कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत चेंडू कोण सर्वांत कमी किकमध्ये नेतो, अशी पैज लावत. म्हणजे या खेळाचे मूळ मैदानात नाही, मैदान संपल्यानंतरच्या वाटेवर आहे. पुढे २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी हंगेरीत आठ देशांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. नंतरच्या स्पर्धा २०१६ मध्ये अर्जेंटिना, २०१८ मध्ये मोरोक्को आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील ऑरलँडो येथे झाल्या.

खळग्याचे माप एकवीस इंच, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर. हा आकडा मला प्रथम मनमानी वाटला होता. मग एका संध्याकाळी मी साधा भागाकार केला. गोल्फच्या खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर आणि चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे खळगा चेंडूच्या अडीचपट. पाच नंबरच्या फुटबॉलचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२ सेंटिमीटर. तेव्हा फुटगोल्फचा खळगा चेंडूच्या २.४ पट. खळगा पाचपट मोठा झालेला दिसतो, पण चेंडूला मिळणारी मोकळीक जवळजवळ तीच राहिली आहे, किंबहुना किंचित कमीच झाली आहे. ‘एवढ्या मोठ्या खड्ड्यात कोणीही टाकेल’ असे बाहेरून पाहणारा म्हणतो, त्याला हा हिशेब दाखवावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्याच्या पायाशी चेंडू ठेवावा.

आमच्या गावाबाहेरच्या माळावर आम्ही नऊ खळगे केले, तेव्हा दोनशे लिटरच्या जुन्या प्लॅस्टिकच्या पिंपांचे तळाकडचे भाग कापून, तळासकट जमिनीत पुरले. त्यांचे तोंड साधारण ५८ सेंटिमीटर भरते, म्हणजे नियमापेक्षा पाच सेंटिमीटर सैल. सरावाला ते चालते. पिंपाचा काठ मात्र जमिनीच्या बोटभर खाली ठेवावा लागतो. काठ वर राहिला तर चेंडू त्याला ठेचकाळून उडतो, आणि फार खाली गेला तर भोवतालचा मुरूम पहिल्या पावसात ढासळून खळग्याची परडी होते. तळाला सळईने भोके पाडायला आम्ही विसरलो होतो. आषाढात सगळी पिंपे काठोकाठ भरली आणि चेंडू त्यांत पडण्याऐवजी वर तरंगत राहिला. तो ‘पडला’ म्हणायचा की नाही, यावर मुलांनी अर्धा तास वाद घातला. त्या वादाचे उत्तर नियमात नव्हते, सळईत होते.

आता किक म्हणजे काय, हे पाहू. किक मारण्यापूर्वी पाय चेंडूला टेकलेला असता कामा नये आणि चेंडूशी पायाचा संबंध एकाच आघातापुरता यायला हवा. तळव्याने चेंडू ओढणे, पाय वर ठेवून लोळवणे किंवा पायाला चिकटवून पुढे ढकलत नेणे चालत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना हे कलम सर्वांत जड जाते, कारण चेंडू तळव्याखाली घेऊन फिरवणे हे त्यांचे हातखंडा काम असते. पण विचार करा: खळगा दोन हातांवर आहे आणि चेंडू पायाला चिकटवून नेण्याची मुभा आहे, तर मग खेळ उरतोच कुठे? किक ही मोजण्याची वस्तू आहे, आणि जी मोजायची तिला सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेच पाहिजेत.

त्यालाच जोडून दुसरी अट येते. चेंडू पूर्ण थांबल्याशिवाय पुढची किक मारता येत नाही, आणि वाऱ्याने किंवा उताराने तो चालू लागला तर पाय आडवा घालून थांबवताही येत नाही. सपाट मैदानावर ही अट कोणाच्या लक्षातही येत नाही. उतारावर सगळा खेळच तिच्याभोवती फिरतो. आमचा चौथा खळगा आम्ही हौसेने चढाच्या ऐन मध्यावर केला होता. किक थोडी कमी पडली की चेंडू खळग्याच्या अलीकडे क्षणभर रेंगाळायचा, जणू विचार करायचा, आणि मग सावकाश मागे फिरून तीस पावले खाली येऊन तरवडाच्या झुडपाशी बसायचा. शाळेच्या संघातल्या सर्वांत ताकदवान मुलाला तिथे अकरा किक लागल्या. चूक त्याची नव्हती, माझी होती. आठवड्याने आम्ही तो खळगा वर, जिथे चढ संपून चार-पाच पावलांचा सपाट तुकडा लागतो आणि त्यामागे पुन्हा जमीन उठते, तिथे हलवला. अवघड खळगा आणि अन्यायाचा खळगा यांतला फरक ज्याला नैसर्गिक जमिनीवर खेळ मांडायचा आहे त्याने नकाशावर नव्हे, चेंडू सोडून पाहूनच ठरवावा.

एवढे झाल्यावर मुख्य कलम येते: चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढची किक. गोल्फच्या नियमांची २०१९ मध्ये मोठी फेररचना झाली, चौतीस नियमांचे चोवीस झाले, पण या तत्त्वाला कोणी धक्का लावला नाही. फुटबॉलमध्ये चेंडू रेषेबाहेर गेला की तो कोणाचा, हा प्रश्न पंच सोडवतो. इथे चेंडू कायम तुमचाच असतो, प्रश्न फक्त जागेचा असतो. उरलेली जवळजवळ सगळी कलमे ‘पुढची किक कुठून?’ या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत, आणि त्यातही या तत्त्वाला किती मुरड घालायची, एवढाच त्यांचा विषय आहे.

अडथळ्यांचेच पाहा. गोल्फने त्यांची जी वाटणी केली आहे ती मला फार शहाणपणाची वाटते: सुटे आणि रुजलेले. वाळकी काटकी, पडलेले पान, सुटा दगड बाजूला करता येतो. उगवलेले गवत, फांदी, जमिनीत पक्का बसलेला धोंडा यांना हात लावायचा नाही. गोल्फचे हिरवे कुरण असेल तर हे वाक्य पुरते. आमच्या माळावर दर दुसरा दगड अर्धा सुटा आणि अर्धा रुजलेला असतो. तेव्हा आम्ही ठरवले की एका हाताने अलगद उचलला गेला तर सुटा, त्याला हलवावे किंवा उकरावे लागले तर रुजलेला. आणि तो काढताना चेंडू हलला, तर एक किक दंड आणि चेंडू मूळ जागी परत. ही अट गोल्फमधूनच घेतली आहे. त्यामुळे उतारावर चेंडूला टेकू देऊन बसलेल्या दगडाकडे मुले फार आदराने पाहतात.

पाण्याचा नियम १७४४ पासून फारसा बदललेला नाही. तेव्हाही पाण्यातून चेंडू काढून घेण्याची मोकळीक होती आणि त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा लागे. फुटगोल्फमध्ये चेंडू काढून कोरड्या जमिनीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून दोन मीटरच्या आत ठेवायचा, किंवा आधीची किक जिथून मारली तिथे परत जायचे, आणि दोन्हीकडे एक किक दंड मोजायचा. घाणेरीच्या जाळीत शिरलेल्या चेंडूसाठीही आम्ही हीच रीत लावतो: एक किक दंड, दोन मीटरची मोकळीक, मात्र खळग्याच्या जवळ सरकायचे नाही.

‘जवळ सरकायचे नाही’ या तीन शब्दांवर थोडे थांबायला हवे. जवळ म्हणजे सरळ रेषेत जवळ. तीन पावले मागे जाऊन चढाऐवजी उताराची वाट मिळत असेल, तर ती खुशाल घ्यावी. नियम अंतर पाहतो, सोय पाहत नाही. आणि ठेवलेला चेंडू तिथे टिकतच नसेल, घरंगळत असेल, तर पुन्हा एकदा ठेवून पाहावा. तरीही टिकला नाही, तर जिथे टिकेल अशी सर्वांत जवळची जागा शोधावी, पण तीही खळग्याच्या जवळची असू नये.

चिकटलेल्या दोन चेंडूंचा लीथचा नियमही तसाच उतरला आहे. दुसऱ्याचा चेंडू वाटेत असेल तर त्याची जागा खुणेने दाखवून तो उचलावा आणि नंतर तिथेच ठेवावा. फुटबॉल एवढा मोठा असतो की हा प्रसंग गोल्फपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो. आम्ही खुणेला रंगवलेली लाकडी चकती वापरतो, कारण माळावर ठेवलेला खडा नंतर इतर खड्यांत सापडत नाही. खळग्यापासून ज्याचा चेंडू सर्वांत लांब त्याने आधी मारायचे, हेही लीथचेच.

बुटांचे थोडक्यात सांगतो. खिळ्यांचे फुटबॉल बूट चालत नाहीत. गोल्फच्या मैदानावर हिरवळ उखडते म्हणून ही बंदी आली. मुरमावर हिरवळ नाही, पण खिळे घसरून घोटा मुरगळतो, तेव्हा सपाट रबरी तळ्याचे बूटच घालावेत. चेंडूच्या बाबतीत आमची अडचण वेगळी आहे. बाभळीचा काटा लागला की खेळ अर्ध्यात बसतो. म्हणून मध्येच हवा गेली तर त्याच जागी दुसरा चेंडू बिनदंड ठेवावा, असे स्थानिक कलम आम्ही घातले.

पंच नसतो, हे सांगायचे राहिले. गटातले खेळाडू गुणपत्रिका अदलाबदल करतात, मी तुमच्या किका लिहितो, तुम्ही माझ्या. एका वळणामागे कोणी झुडपाआड चेंडू पायाने थोडा सरकवला, तर ते कोणाला दिसणार नाही. लहानपणी गोट्या किंवा विटीदांडू खेळताना गलीपाशी होणारी भांडणे आठवा. तिथेही पंच नव्हता, पण सगळे जण गलीभोवती उकिडवे बसलेले असत. इथे खळगा दीडशे मीटरवर असतो आणि चौघे चार दिशांना.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सातव्या खळग्याकडे जाताना एका मुलाचा चेंडू चांगला वर चढला आणि तेवढ्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. एका बोकडाने चेंडूला शिंग लावले आणि तो आणखी दहा पावले वर, थेट सपाटीवर गेला. बाकीचे तिघे ओरडू लागले. मी १७४४ चे कलम सांगितले: प्राण्याने अडवलेला चेंडू जिथे आहे तिथूनच खेळायचा. मुलाचा चेहरा खुलला. पण आजचा गोल्फ त्यात एक भेद करतो. चेंडू चालता असताना प्राण्याला लागला तर थांबेल तिथून खेळायचे. आधी थांबलेला चेंडू प्राण्याने हलवला तर मूळ जागी परत ठेवायचा, दंड नाही. मी विचारले, ‘शिंग लागले तेव्हा चेंडू चालता होता की थांबलेला?’ कळपाच्या पलीकडून इतर कोणाला ते दिसले नव्हते. तो मुलगा थोडा वेळ बुटाने मुरूम उकरत उभा राहिला. मग म्हणाला, ‘सर, थांबला होता,’ आणि चेंडू उचलून दहा पावले खाली गेला.