सहा मायक्रॉनचा हिशेब

(दृश्य: कास पठार. सप्टेंबरची सकाळ, धुकं विरळ होतंय.)

निवेदन:
साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार. उंची बाराशे मीटरच्या आसपास. खाली जांभा, वर मातीचा पातळ थर. इथं फुललेल्या माळाचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आज त्यातलं एकच फूल बघू. सीतेची आसवे. निळसर जांभळं, जेमतेम सेंटिमीटरभर.

(दृश्य: पायवाटेच्या कडेला आडवा झालेला फोटोग्राफर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फूल, सतत मागेपुढे डोलणारं.)

मॅक्रो लेन्सनं, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सनं, हे फूल एकास एक टिपायचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर त्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या मापाची पडणार. चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटर रुंदीत ६,००० पिक्सेल बसवलेले असतात. भागाकार करा. एका पिक्सेलच्या वाट्याला सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा हजारांश येतात, केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. शटर उघडं असताना कॅमेरा याहून जास्त सरकला, की फोटो हलायला सुरुवात झाली.

शिकताना एक नियम सगळ्यांच्या कानावर पडतो: १०० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर १/१०० सेकंद किंवा त्याहून जलद. दूरच्या डोंगराला तो चालतो, कारण दूरच्या वस्तूसाठी कॅमेरा किती कलला एवढंच महत्त्वाचं असतं. जवळ आलात की कॅमेरा न कलता नुसता बाजूला किंवा खाली सरकला तरी फोटो बिघडतो. कॅननने २००९ मध्ये आणलेल्या १०० मिलिमीटर मॅक्रो लेन्समध्ये हे सरकणंही सावरणारी यंत्रणा होती. एक स्टॉप म्हणजे शटरचा वेळ, म्हणजेच उजेड, दुप्पट किंवा निम्मा. तरीही एरवी चार स्टॉपची मदत करणारी ही यंत्रणा एकास एकला दोनच स्टॉप देते, असं कंपनीनंच सांगितलंय.

आणि अंगाचा मागेपुढे जाणारा झोक कुठलीच यंत्रणा सावरत नाही. एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवूनही, फोकसमध्ये राहणारी जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. श्वास घेतला तरी आपण त्याच्या बाहेर जातो. म्हणून अनुभवी लोक फोकसची रिंग एका जागी ठेवतात, कोपरं जमिनीला टेकवतात, अर्धा श्वास सोडतात आणि फूल फोकसमधून पुढेमागे होताना तीन-चार फोटो सलग घेतात. एखादा लागतो.

(दृश्य: पाय पूर्ण पसरलेला ट्रायपॉड, शेजारी बीन बॅगवर टेकवलेला कॅमेरा.)

ट्रायपॉडचं इथं जरा जास्तच कौतुक होतं. फूल जमिनीपासून वीतभर उंच, आणि ट्रायपॉडचे पाय पसरायचे तर कुणाच्या तरी डोक्यावर, म्हणजे इतर फुलांवर. त्यापेक्षा वाटेच्या कडेला उघड्या जांभ्यावर बीन बॅग, म्हणजे दाण्यांनी भरलेली पिशवी, बरी. तिच्यात तांदूळ मात्र भरू नका, कासच्या पावसात त्याची खिचडी होते. प्लॅस्टिकचे दाणे भरा. आरसा असलेला कॅमेरा असेल तर तो आरसा आधीच वर उचलून ठेवा आणि सेल्फ टायमर दोन सेकंदांवर लावा. शटर साधारण १/३० ते १/२ सेकंद असतं तेव्हा त्या आरशाचा धक्का सर्वात जास्त जाणवतो.

(दृश्य: वाऱ्याची झुळूक. फूल चौकटीबाहेर जातं, परत येतं.)

कॅमेरा दगडासारखा स्थिर केला तरी वारा उरतोच. फूल सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर वेगानं डोलत असेल, तरी १/२०० सेकंदात ते पन्नास मायक्रॉन जातं. म्हणजे आठ पिक्सेल. वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरली की बराच फरक पडतो, आणि कासला छत्री सगळ्यांकडेच असते.

खरा उपाय फ्लॅश. त्याची ताकद सोळाव्या भागावर आणली की झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो. तेवढ्या वेळात फूल एक पिक्सेलभरही सरकत नाही. फ्लॅशपुढे बटर पेपर लावावा, नाहीतर पाकळीवरचे थेंब पांढरे फटफटीत येतात.

जाता जाता, हे फूल दिसतं तितकं गरीब नाही. झाड कीटकभक्षी आहे. बुडाशी ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. याच प्रजातीतल्या पाण्यात वाढणाऱ्या काही वनस्पतींची पिशवी तर एक मिलिसेकंदाच्या आत भक्ष्य गिळते. १/२०० चं शटर उघडून मिटेपर्यंत तिचं जेवण उरकलेलं असतं.

(दृश्य: एकाच फुलाचे दोन फोटो. एकात मागे काळोख, दुसऱ्यात धुकं.)

फ्लॅशची एक किंमत आहे. एफ/११, १/२०० आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० वर ढगाळ उजेड सेन्सरपर्यंत फारसा पोचतच नाही. त्यात एकास एकला आणखी दोन स्टॉप जातात. पार्श्वभूमी काळी पडते, भर सकाळी रात्र झाल्यासारखी. मागचं धुकं हवं असेल तर आयएसओ ८०० च्या पुढे न्या, शटर १/६० ला आणा, आणि फ्लॅश नुसता फुलापुरता ठेवा. मग बीन बॅग, छत्री, अर्धा श्वास, सगळं पुन्हा लागतं. आणि सकाळी आठच्या आत पोचावं लागतं, ऊन चढलं की वाराही वाढतो.