वाळू मुठीत धरणारा माणूस

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथं कुठं ऐकत असाल तिथं सगळ्यांना नमस्कार. आज आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांबद्दल बोलायचंय, म्हणजे मशीनबद्दल नाही, मशीनसमोर दिवसभर उभारलेल्या माणसांबद्दल.

माझी छोटीशी फाउंड्री आहे, म्हणजे वितळलेलं मेटल वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवायचा कारखाना. पूर्वी येळ्ळूरचे एक मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे बनवणारे, होते आमच्याकडं, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. सकाळी वाळू मुठीत दाबायची, गोळा दोन बोटांनी मोडायचा, मोडलेली कड बघायची आणि सांगायचं, "मालक, पाणी जास्त झालंय, आत्ता बॉक्स भरू नका." टेस्टिंग नंतर व्हायचं, पण मामांचं आधीच बरोबर असायचं. एकदा माल रिजेक्ट होऊन आला आणि मी काही न विचारता सगळ्यांदेखत त्यांना नको नको ते बोललो. नंतर कळलं की दोष मोल्डिंगचा नव्हताच, मेटल थंड ओतलं होतं. माफी मागायची ती मी मागितली नाही, पुढच्या महिन्यात मामा कोल्हापूरला शिरोलीत कामाला लागले. मग बघा काय झालं, मालात ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ भोकं, यायला लागले, टेम्पो भरून माल परत यायला लागला, वीज, कोळसा, मजुरी सगळं दोनदा. घरी जाऊन माफी मागितली तेव्हा चहा दिला त्यांनी, पण परत आले नाहीत. ड्रॉइंग माझ्याकडं होतं, ज्यावरून साचा काढतात तो पॅटर्न माझ्याकडं होता, ती मूठ तेवढी गेली.

हा हिशोब नवा नाही. अमेरिकेत फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१३ साली माणसं एवढी सोडून जायची की १४ हजारांचा कारखाना चालू ठेवायला वर्षात ५२ हजार माणसं घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाला ५ डॉलर आणि ८ तासांची पाळी जाहीर केली, आणि सोडून जाणं एकदम कमी झालं. आणि लांब कशाला, आपल्याच बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभारला तेव्हा कामगारांसाठी वस्तीपण बसवली, तीच किर्लोस्करवाडी.

काहीजण म्हणतील, एवढं परवडतं कुठं आम्हाला? ईएसआयला, म्हणजे कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात त्या सरकारी विम्याला, पगाराच्या हिशोबानं मालकाचे सव्वातीन टक्के जातात, कामगाराचा पाऊण टक्का. ते वाचवायला नावं रजिस्टरला न लावणारे मी बघितलेत, आणि कामगाराच्या घरात कुणी आजारी पडलं की त्यांच्याकडंच उचल मागायला यावं लागतं, मग ती फिटेपर्यंत तो माणूस दबून राहतो आणि फिटली की निघून जातो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

आमच्याकडं आता चूक झाली तर केबिनमध्ये बसवून आधी विचारतो, पगार ७ तारखेच्या आत. आणि सुगी! आमची निम्मी पोरं येळ्ळूर, मच्छेची, घरी भातशेती. पूर्वी मी रजा द्यायचो नाही, ते न सांगता दांडी मारायचे आणि पाळी अर्धी रिकामी. आता त्याच आठवड्यात फर्नेसचं लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, काढतो, मेंटेनन्स करतो, पोरं बिनघोर मळणी करून येतात. यंदा सुगी आटपल्यावर पहिल्या पाळीला एक पोरगा नव्या तांदळाची पिशवी घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवली, "आईनं दिलंय" एवढंच बोलला आणि वाळू बघायला गेला.