टिक्स आहेत म्हणून सगळंच टिक नसतं

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकसारख्याच: "मॅडम, पोराला टिक्स आहेतच, आता हातही उडतोय. वाढल्या का?" म्हणून आज परत बसले.

टिक म्हणजे काय, ते झटपट. आपोआप, परत परत डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं. बहुतेकांना 5-7 वर्षांच्या वयात सुरू होतं, 10-12 ला जोर चढतो. अंगाच्या बऱ्याच आणि आवाजाची एक तरी, वर्षाहून जास्त चालल्या, की त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. 1885 मध्ये जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरनं 9 पेशंटांबद्दल लिहिलं, त्याचं नाव पडलं. एक दादा म्हणतात, "माझा पोरगा शिव्या देत नाही, म्हणजे टूरेट नाही." अहो दादा, टूरेटमध्ये शिव्या फार थोड्यांना येतात. शिव्यांवरून ठरवायचं तर मला आमच्या सोलापूरच्या सात रस्ता चौकातच ओपीडी मांडावी लागेल!

आता खरी गोष्ट. टिकच्या आधी आत काहीतरी साठतं. शिंक येण्याआधी नाकात होतं ना, तसं. मोठ्या पोराला विचारा, "आधी कळतं का रे?" बहुतेक वेळा "हो" म्हणतं. आणि थोडा वेळ दाबून धरता येतं, मग बाहेर पडतं. शाळेत गप्प आणि घरी आल्यावर झटकेच झटके, ते नाटक नाही हो, दिवसभर दाबलेलं असतं.

याउलट कोरिया. देश नाही, आजार! घसा दुखून बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, हातपाय नाचल्यासारखे हलायला लागतात. आधी काही कळत नाही, दाबता येत नाही. वाटी सुटते, अक्षर बिघडतं, पोरगं चिडचिडं होतं. माझी दोन बोटं दाबून धर म्हटलं, तर पकड दाबते, सुटते, दाबते, सुटते, धार काढल्यासारखी. यात हृदयाच्या झडपा तपासाव्याच लागतात. टिक समजून घरी बसलात तर तेच राहून जातं.

छोटं बाळ खुशीत हात फडफडवतं, तीन वर्षांच्या आधीपासून, कायम एकाच ठेक्यात? ती बहुतेक टिक नसते. हाक मारली की थांबतं.

आणि गोळ्या. इथं मी स्वतः चुकलेय. एका आईचा फोन, "मान एकीकडं वळून अडकलीय." ऐन गड्डा यात्रेतली गर्दी, मी म्हटलं, टिक वाढली असेल, उद्या या. फोन ठेवला आणि आठवलं, परवाच टिक्ससाठी हॅलोपेरिडॉलची गोळी सुरू केली होती, तिनंच मान अडकली! लगेच बोलावलं, इंजेक्शन दिलं, थोड्या वेळात मान सरळ. टिक येते आणि जाते, अशी अडकून बसत नाही. नवीन गोळीनंतर मान अडकली, डोळे वर गेले, पोरगं एका जागी बसेचना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. डोस आपल्या मनानं वाढवू नका, बंदही करू नका.

तर परत तेच. आधी कळतं का? दाबता येतं का? येऊन जातं का? उत्तर "नाही" असेल तर दाखवा.

येताना मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा, कारण माझ्यासमोर पोरं हमखास शांत बसतात. तो व्हिडिओ कमेंटमध्ये टाकू नका, पोराचा चेहरा आहे तो. आणि काढताना मागून आजी "कर की रे, मघाशी करत होतास ते" म्हणतात, ते नको. आठवण काढली की टिक येतेच.